जुन्या ॲम्प्लिफायरला लागलेली घरघर

मेकॅनिकच्या टेबलावर सेट ठेवून गिऱ्हाईक सांगतं, "आवाज येतोय." ॲम्प्लिफायर म्हटल्यावर आवाज येणारच. कसला येतोय, असं विचारलं की हात हवेत फिरायला लागतात. खरं तर मराठी माणसाला इथे अडायचं कारण नाही. घरघर, खरखर, सळसळ, गुडगुड, फटफट हे शब्द आपल्याकडे आयतेच आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द यंत्राच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो. आवाजाला नेमकं नाव देता आलं की निम्मी दुरुस्ती झालेली असते.

हे शहाणपण मला पैसे मोजून आलं. आमच्या घरातला ॲम्प्लिफायर वडिलांनी १९८० च्या आसपास घेतलेला. मागच्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, २एन३०५५ ट्रान्झिस्टर, पुढे लाकडी चौकट. रेकॉर्ड लावली की तो घरघरायचा. जुना सेट घरघरतोय म्हणजे कपॅसिटर, आतले वीज साठवणारे भाग, वाळले, हे मी कुठेतरी ऐकलेलं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून नवे कपॅसिटर आणले, दोन रविवार घालवून एकूणएक बदलले. घरघर तशीच. शेवटी कपाट पुढे ओढलं तर रेकॉर्ड प्लेअरमधून येणारी बारीक काळी वायर कपाटामागे लोंबत होती. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला आवळली आणि खोली शांत झाली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवसापासून अर्धा तास ऐकल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

न उघडता करायच्या चाचण्या

गाणं बंद करा आणि व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून वर न्या. नको असलेला आवाज नॉबबरोबर वाढला, तर दोष नॉबच्या आधी आहे. म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, केबल, सिलेक्टर स्विच किंवा प्रीॲम्प, म्हणजे बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग. नॉब शून्यावर असूनही आवाज तेवढाच राहिला, तर दोष नॉबच्या पुढे, म्हणजे पॉवर ॲम्प किंवा पॉवर सप्लायमध्ये. एवढ्या एका चाचणीत अर्धा सेट संशयातून सुटतो.

आता सिलेक्टर फिरवा. फक्त फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) घरघर आहे आणि ऑक्सवर (इतर यंत्रांच्या इनपुटवर) नाही, तर पॉवर सप्लायला हात लावायची सहसा गरज नाही, कारण तो दोघांना सारखाच वीज पुरवतो. मग सगळ्या केबल काढा आणि ज्या इनपुटचा संशय आहे त्यात शॉर्टिंग प्लग घाला. हा प्लग विकत आणायची गरज नाही. साध्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून वायरने जोडली की झालं. प्लग घातल्यावर सेट शांत झाला तर तो निर्दोष आणि चोर बाहेर आहे.

चोर डाव्या स्पीकरमध्ये की उजव्या, हेही बघा. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर दोन्ही चॅनेलना सामाईक असलेला भाग पकडा. बहुतेकदा तो पॉवर सप्लाय किंवा अर्थ निघतो. एकाच बाजूला असेल तर मागचे डावे-उजवे प्लग एकमेकांच्या जागी लावा. आवाजानेही बाजू बदलली तर दोष प्लगच्या पलीकडे, म्हणजे प्लेअरमध्ये. नाही बदलली तर ॲम्प्लिफायरमध्ये.

घरघरीच्या दोन जाती

आपली वीज ५० हर्ट्झची. घरघर तिच्यातूनच येते, पण दोन वाटांनी. केबल, अर्थ किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर यांतून शिरलेली घरघर ५० हर्ट्झची असते, खोल आणि गोल, दूरवर पाण्याचा पंप चालू असावा तशी. पॉवर सप्लायच्या रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागातून, सुटलेली घरघर १०० हर्ट्झची असते, कारण फुल-वेव्ह रेक्टिफायर विजेची प्रत्येक लाट दुमडून तिच्या दोन करतो. ही बरोबर एक सप्तक वरची आणि कडेला खरबरीत, भुंगा डबीत कोंडल्यासारखी भुणभुणते. ज्याला तंबोरा जुळवता येतो त्याला हा फरक एका क्षणात कळेल. बाकीच्यांनी फोनवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्यावं आणि ५० व १०० हर्ट्झ आळीपाळीने लावून ताडून पाहावं. मात्र हेडफोन लावूनच, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाही.

५० हर्ट्झचा आवाज असेल तर सेट उघडू नका, त्याच्या मागे जा. प्लगच्या कड्या सैल आहेत का, केबलची जाळी पिनपाशी तुटली आहे का, हे तपासा. टीव्ही किंवा कॉम्प्युटर ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल आणि त्याच्यामुळे घरघर असेल तर तो अर्थ लूप. दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला भिडतात आणि त्या वेटोळ्यात वीज खेळते. केबल टीव्हीची किंवा डिशची वायर क्षणभर काढून बघा, पुष्कळदा तिथेच उत्तर मिळतं. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. पूर्वीच्या सेटना दोन पिनांचा प्लग असे. तो उलटा लावल्याने घरघर कमी होते, हेही करून बघण्यासारखं आहे. पण घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापण्याचा जो उद्योग चालतो तो करू नका. ती पिन तुमच्यासाठी आहे, आवाजासाठी नाही.

आवाज १०० हर्ट्झचा असेल आणि व्हॉल्यूम शून्यावरही येत असेल, तर मात्र माझे दोन रविवार जिथे वाया गेले तिथे तुमचा एक रविवार सार्थकी लागेल.

उघडताना

प्लग बोर्डातून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज साठलेला असतो. ट्रान्झिस्टर सेटमध्ये ४७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावा आणि मग मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची हौस करू नका, त्यात कपॅसिटरचं नुकसान होतं आणि डोळ्यांचंही होऊ शकतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट २३० व्होल्टला लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा. म्हणजे फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी चालणार नाही. सेट ठीक असेल तर बल्ब एकदा उजळून मंद होतो, कपॅसिटर भरल्याची ती खूण. बल्ब झगझगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब नसता तर जे जळलं असतं ते आता वाचलं.

चालू सेटमध्ये काही तपासावं लागलंच तर पायात रबरी चप्पल आणि डावा हात खिशात ठेवा. दोन्ही हात आत असले की विजेला छातीतून वाट मिळते.

वाळलेले कपॅसिटर

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते वर्षागणिक वाळत जातं. क्षमता घटते, आतला रोध वाढतो. ढोबळ हिशेब करा. १ ॲम्पिअर ओढणाऱ्या सेटमध्ये ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर पॉवर सप्लायवर सुमारे २ व्होल्टची लहर उरते. तोच वाळून अर्धा झाला की लहर ४ व्होल्टवर जाते आणि ती स्पीकरपर्यंत पोचायला लागते.

तपासायला जुन्या टीव्ही मेकॅनिकांची युक्ती अजून चोख आहे. सेट बंद करून, डिस्चार्ज करून, त्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा चांगला कपॅसिटर जुन्याला समांतर क्लिपांनी लावायचा, ध्रुव सांभाळून. मग सेट चालू करायचा. घरघर झपकन उतरली तर निकाल लागला. तपासणीचा कपॅसिटर तसाच ठेवून झाकण मात्र लावू नका, जुना काढावाच लागेल.

नवा घेताना व्होल्टेज मूळचं किंवा वरचं, क्षमता मूळचीच किंवा फार तर वीसेक टक्के जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं घ्या. क्षमता दुप्पट-तिप्पट करून आवाज सुधारत नाही. उलट चालू करतानाचा झटका वाढतो आणि डायोडवर ताण येतो. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. बसवण्याआधी जुन्याचा फोटो काढून ठेवा, कारण दहा मिनिटांनी कुठली बाजू कुठे होती ते कोणालाच आठवत नाही. त्या काळचे बोर्ड एका बाजूला तांबं असलेले, कागदी फिनोलिकचे. ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ सोल्डरिंगची इस्त्री टेकवलीत तर तांब्याची पट्टी कांद्याच्या सालीसारखी सुटून येते. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री पुरे.

बदलूनही घरघर राहिली, आणि ती ५० हर्ट्झची असेल, तर रेक्टिफायर ब्रिजमधला एखादा डायोड उघडला असण्याची शक्यता तपासा. अर्धी लाट येईनाशी होते आणि सप्तक खाली उतरतं. कान इथेही मीटरच्या आधी सांगतो.

रेकॉर्ड प्लेअर: सगळ्यात नाजूक टोक

फोनोवरच घरघर जास्त का, याला कारण आहे. सुई जिच्यात बसते त्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, तो परत उचलायला १९५४ पासून प्रमाण झालेला रिआ कर्व्ह लागतो. त्यानुसार फोनो स्टेज ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने वर उचलते. म्हणजे नेमकी घरघरीचीच जागा. टेपच्या इनपुटवर ज्याची दखलही घ्यावी लागली नसती तो दोष इथे डोंगराएवढा होतो.

सुई रेकॉर्डवर न टेकवता व्हॉल्यूम वर घ्या आणि बोटाने टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, धातूला स्पर्श करा. घरघर कमी झाली तर अर्थ तुटली आहे. वायर ॲम्प्लिफायरला जोडलेली असूनही ती आत, प्लेअरच्या खाली सुटलेली असू शकते. मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर टोनआर्मपासून अर्थच्या टोकापर्यंत 'पी' वाजायला हवं. मग कार्ट्रिजच्या मागच्या चार वायर बघा. पांढरी डावी, तिची जोडीदार निळी. लाल उजवी, तिची हिरवी. त्यांच्या टोकाच्या चिमुकल्या पितळी टोप्या आपल्या हवेत कळकतात, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशा. चिमट्याने एकेक काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, किंचित दाबून परत बसवा. सगळ्या एकदम काढू नका.

आर्म मध्याकडे सरकताना घरघर वाढत गेली, तर मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर जवळ असल्याची ती खूण. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर प्लेअर ठेवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. हातभर बाजूला सरकवून बघा.

गुडगुड ही वेगळी. ती फक्त रेकॉर्ड फिरताना येते आणि यांत्रिक असते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या प्लेअरमध्ये मोटर आणि थाळीच्या मध्ये रबरी चाक असतं, आयडलर. वर्षभर एकाच जागी दाबून राहिलं की त्याला खळगा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला 'ढुप' येतं. रबर अल्कोहोलने पुसा, कडक झालं असेल तर बारीक पॉलिशपेपरने हलकं घासा. थाळीच्या मधल्या बेअरिंगमधलं जुनं वंगण पुसून नवं हलकं मशीन तेल दोन थेंब. तिसरा थेंब आयडलरवर जाईल. मोटर ज्या रबरी बुचांवर टांगलेली असते ती दगड झाली असतील तर बदला.

कोकणातल्या घरांतून आलेल्या प्लेअरमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. क्रिस्टल कार्ट्रिजमधला स्फटिक रोशेल सॉल्टचा असतो, तो दमट हवेत अक्षरशः विरघळतो. आवाज आधी पातळ, मग फाटका, मग काहीच नाही. त्यावर इलाज नाही, सिरॅमिक कार्ट्रिज शोधा. आणि सेटचा दोष शोधण्याआधी दुसरी रेकॉर्ड लावून बघा, कारण पावसाळ्यात बुरशी धरलेली रेकॉर्डही तेवढीच करकरते. एलपी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसणारे पुष्कळ आहेत. पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलंत तर लाख विरघळते. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब. त्या तबकड्यांवर एलपीची सुई टेकवल्यावर जी खरखर येते तीही दुरुस्तीने जायची नाही. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीचं १८ च्या आसपास असतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत राहते.

खरखर

नॉब फिरवताना खरखर झाली तर ती पॉटच्या, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या, कार्बनच्या पट्टीवरची घाण. प्लग काढा, पॉटच्या मागच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, टोकापासून टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवा, पंधरा मिनिटं वाळू द्या. बिजागऱ्यांना मारतात तो गंजाचा स्प्रे इथे नको. दोन दिवस आवाज छान येतो आणि मग त्या तेलकट थरावर धूळ बसते. क्लीनरही भसाभस मारू नका. नॉबच्या दांड्यावरचं ग्रीस धुऊन गेलं की त्याचा तो जुना, मऊ, जड स्पर्श जातो.

सिलेक्टर, टेप मॉनिटर, मोनो-स्टिरिओ या स्विचनाही हाच उपचार. एक बाजू मध्येच गप्प होते आणि सेटवर थाप मारली की परत येते, तिथे बहुतेकदा टेप मॉनिटरचा स्विच असतो, कारण तो चाळीस वर्षांत कोणी दाबलेलाच नसतो.

आता खुबीची गोष्ट. साफ करूनही आठवड्याभरात खरखर परत आली तर पॉट बदलायला धावू नका. सेट चालू ठेवून पॉटच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. तिथे जवळजवळ शून्य असायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आधीच्या स्टेजचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. तो डीसी अडवायला ठेवलेला असतो, आणि डीसी आला की अगदी स्वच्छ पॉटही खरखरतो. चार-पाच रुपयांचा कपॅसिटर, आणि बदनाम होतो पॉट.

हात न लावता आपोआप येणारी, अधूनमधून फट्-फट् करणारी खरखर चिवट. त्यासाठी उदबत्तीची विझलेली काडी घ्या. बांबूची असल्याने वीज वाहत नाही आणि बारीक असल्याने कुठेही पोचते. चालू सेटमध्ये एकेका भागाला तिने हलकेच टोचत जा. जिथे टोचल्यावर आवाज उसळतो तिथला डाख सुटलेला. भिंगातून पाहिलंत तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते, विशेषतः जड भागांच्या आणि तापणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पायांशी. जुना डाख शोषून काढून नवा द्या.

सूं आणि सळसळ

थोडी सूं प्रत्येक सेटला असते. नेहमीच्या व्हॉल्यूमला बसल्या जागेवरून ऐकू आली तरच तिच्या मागे लागावं. एकाच बाजूला सूं जास्त असेल तर तिथला जुना ट्रान्झिस्टर किंवा कार्बनचा रेझिस्टर. भाग गार करणाऱ्या फ्रीझ स्प्रेचा एकेका भागावर छोटा फवारा मारा. ज्याच्यावर मारल्यावर सळसळ एकदम थांबते किंवा बदलते तो गुन्हेगार. रेझिस्टर बदलताना मेटल फिल्मचा घ्या. ट्रान्झिस्टर बदलताना नवीन नंबराच्या पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघा, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरचे पाय सारखे असतीलच असं नाही.

कॅसेट डेकची सूं हा वेगळा विषय. तिथे हेड अल्कोहोलने पुसणं आणि डिमॅग्नेटाइझ करणं एवढं आधी करा, बाकी नंतर.

व्हॉल्व्हचे सेट

एक सूचना आधी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी व्हॉल्व्ह रेडिओत चेसिस, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. यूएल, यूवाय असे यूने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की समजा. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला मेन्सपासून वेगळा ठेवतो) उघडून चालवायचा नाही, यात सवलत नाही. शिवाय या सेटमध्ये अर्धीच लाट वापरलेली असते, त्यामुळे फिल्टर कपॅसिटर वाळला तरी घरघर ५० हर्ट्झचीच येते आणि वरचं सप्तकाचं गणित चालत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येही ३०० व्होल्टपर्यंत डीसी असतो. डिस्चार्जला १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या. चालू सेटमध्ये पेन्सिलीच्या रबरी टोकाने व्हॉल्व्हवर टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा 'टंग' आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे हादऱ्याचाही आवाज करतोय. ईसीसी८३ सारख्या पहिल्या स्टेजच्या व्हॉल्व्हमध्ये हे जास्त आढळतं. मेणाच्या कागदी कपॅसिटरपैकी एकच आधी बदलायचा असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा बदला. तो गळला की आवाज फाटतो आणि ईएल८४ सारखा आउटपुट व्हॉल्व्ह लालभडक होऊन मरतो.

घरातले चोर

सगळं तपासूनही भुणभुण उरली तर संध्याकाळी ऐका, मग दुपारी ऐका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना करकर येते आणि पूर्ण वेगावर जाते. इंडक्शनची शेगडी आणि स्वस्तातले एलईडी बल्ब यांचा त्रास विशेषतः मीडियम वेव्हला होतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सेट चालवलात तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो. तो आवाज स्पीकरमधून येत नाही, डब्यातून येतो. कान डब्याला लावून बघितल्याशिवाय हा फरक कळत नाही.

काम झालं की झाकण लावण्याआधी पुन्हा सिरीज बल्बवर चालू करा. बल्ब मंदावला की काढून थेट लावा. ज्या सेटच्या आउटपुटला कपॅसिटर नसतो त्याच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर असेल तर चांगले स्पीकर जोडू नका. मग एखादा टाकाऊ स्पीकर लावून तासभर हळू आवाजात वाजू द्या आणि अधूनमधून हीट सिंक हाताने पाहा. आमच्या सेटची ही तासाभराची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच आई आतून म्हणाली, "बंद केलास का रे?" मी काही वाजवतच नव्हतो. ती घरघर थांबल्याचं विचारत होती.